श्वास कुठं सोडला?

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी लाह्या चाळत बसले होते, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा जरा चिडूनच “कोण?” म्हटलं. लोंढा स्टेशनवरून रेल्वे पोलीस बोलत होता. फलाटावरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसल्या बसल्या गेलेत, खिशातल्या डायरीत पहिल्या पानावर तुमचा नंबर आहे, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, भाची. त्यानं नाव वाचून दाखवलं. आणि त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, “अहो, तो लोंढ्याला कशाला मरायला जाईल?” पोलिसानं बिचाऱ्यानं नाव पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

अण्णामामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ, गोपाळ. वय अठ्ठ्याहत्तर. लग्न केलं नाही. निपाणीच्या एका कचेरीत जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या टेबलावर सारी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर बेळगावात अनगोळला, आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहिला. फोन यायच्या आदल्याच दिवशी तो आईला घेऊन गावी गेला होता. आमचं आजोळ खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडं. आईला घरात सोडून, पाणीसुद्धा न पिता, “कचेरीचं जरा काम हाय, उद्या सांजच्याला येतो,” म्हणून निघाला तो निघालाच. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेल्या माणसाला कचेरीचं कसलं काम, हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. दर पंचमीला तो असाच एक दिवस गायब व्हायचा. सवय झाली की माणूस विचारत नाही.

पोलिसांनी त्याची पिशवी दिली. आत एक नारळ, हिरवा खण आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या. छत्री बाकाच्या पाठीला अडकवलेली होती, तीही दिली. मला वाटलं, आईसाठी पंचमीची ओटी असेल, गडबडीत द्यायची राहिली असेल. गावी मामाला अग्नी दिल्यावर मी पिशवी आईसमोर ठेवली. तिनं एक बांगडी उचलली, हाताशी धरली, पुन्हा कागदात ठेवली. “माझ्या हातात जायच्या न्हाईत ह्या,” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, म्हाताऱ्याचं माप चुकलं असेल. आईनं पिशवीचं तोंड बांधलं.

मामाचं कचेरीतलं एक वाक्य होतं. मृत्यूचा दाखला मागायला कुणी आलं की माणसं घरापासून सुरुवात करतात... आमचे वडील अमक्या गावचे, शेत तमक्या ठिकाणी, सगळी हयात तिथंच गेली. मामा निम्म्यात थांबवायचा. “माणूस कुठं जगला ते सांगू नगा. श्वास कुठं सोडला ते सांगा.” नोंद असते ती तिथं. आमच्या ह्या सीमेवरच्या मुलखात निम्मी माणसं औषधपाण्याला कोल्हापूर-मिरजेला जातात, तिथंच संपतात, आणि घरचे मात्र सहा महिने आपल्या गावच्या वहीत नाव शोधत बसतात. नाव सापडत नाही, मग क्लार्कशी भांडतात. मामा त्या भांडणाऱ्यांना चहा पाजून नेमक्या कचेरीचा पत्ता लिहून द्यायचा. अर्जही स्वतःच लिहायचा. अक्षर मोत्यासारखं म्हणतात तसं अजिबात नव्हतं, पण वाचता यायचं.

एकदा मी कॉलेजच्या सुट्टीत निपाणीला गेले होते. तंबाखूच्या व्यापारातले एक जैन गृहस्थ टेबलासमोर बसलेले. पन्नाशीचे असतील. वडिलांचा दाखला कुठंच मिळत नव्हता. कोल्हापूरचा दवाखाना म्हणे, आमच्याकडून जिवंत गेले. निपाणीची वही म्हणे, आमच्याकडं आलेच नाहीत. मामानं विचारलं, “गाडीत गेले न्हवं? मग गाडी आधी कुठं थांबली?” धावत्या गाडीत माणूस गेला तर गाडी पहिल्यांदा जिथं थांबते तिथं त्याची नोंद, असा नियम आहे. ते गृहस्थ म्हणाले, “कागलला. ड्रायव्हरला च्या पायजे हुता. आमीबी घेटला. आमाला वाटलं, आप्पांना झोप लागलीया.” आणि तो मोठा माणूस हुंदके द्यायला लागला, की बाप गाडीत गेलेला आणि आम्ही बाहेर चहा पीत उभे. मामा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “थांबणाऱ्याचा कायबी दोष न्हाय वो.” मग उठून मागच्या व्हरांड्यात गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी आपली त्याच्या मऊ मनाचं कौतुक करत बसले. काय डोंबलाचं कळत होतं मला तेव्हा!

आणि त्याची दुसरी सवय म्हणजे कुणाला न्यायला जायचं तर तासभर आधी जायचं. आमच्याकडं लेक सासरहून पंचमीला येते ती एकटी येत नाही, माहेरचा माणूस तिला आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. एकटी आली तर चार माणसं विचारतात, नवऱ्यानं हाकलली की स्वतः पळून आली? आता हे सगळं मागं पडलंय, बायका स्कूटरवरनं माहेरी जातात. पण अण्णामामा पंचमीच्या आधी आमच्या दारात मुराळी म्हणून उभाच. त्याच गल्लीत राहायचा, तरी धुतलेलं धोतर, टोपी, हातात छत्री. बस नऊची असली तर हा साडेसातला हजर. मी चिडायचे. “अरे मामा, तुझ्या ह्या घाईनं आईला धड च्या पण पिता येत नाही.” तो म्हणायचा, “पिऊ दे की निवांत. मी थांबतो. तिनं थांबाय नको, मी थांबतो.” दर वर्षी हेच वाक्य. कधी कधी मला त्याचा कंटाळा यायचा.

आता शेवंतामावशीचं सांगायला हवं. आईची आणि मामाची थोरली बहीण. लोंढ्याच्या पलीकडं जंगलपट्ट्यातल्या एका गावात दिलेली. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. मी तिला पाहिलेलं नाही, तिचा फोटोही नाही. लहानपणापासून आम्हाला एवढंच माहीत, की एका पंचमीला मामा तिला आणायला जाणार होता. सासरचं गाव आडवळणी, पावसात गाडीवाट बंद, म्हणून त्यानं पत्र टाकलं, आक्काला लोंढ्याला ठेसनावर आणून सोडा, मी येतो. आणि नेमकं त्याच दिवशी निपाणीला त्याच्या नोकरीचं बोलावणं आलं. मुलाखत. मामा बावीस वर्षांचा. कळवायला वेळ नव्हता. त्याला वाटलं, मी दिसलो नाही की दीर तिला परत घरी नेईल. घरी आल्यावर आजीनं विचारलं, शेवंता कुठाय? हा म्हणाला, “रोपाची गडबड हाय त्यांच्यात, धाडली न्हाय.” तिकडं दिरानं तिला बाकावर बसवलं होतं आणि रोप लावायचं राहिलंय म्हणून तो तसाच माघारी गेला होता. सासरच्यांना वाटत होतं ती माहेरी आहे, माहेरच्यांना वाटत होतं ती सासरी. दसऱ्याला दीर दारात येऊन म्हणाला, “वहिनीला धाडा की आता,” तेव्हा दोन्ही घरांना कळलं, की ती कुठंच नाही.

अडीच महिने एका बाईला कुणी हुडकलं नव्हतं. ह्या एका गोष्टीनं लहानपणी माझी झोप उडायची. आईची बांगडी वाजली नाही तर मी दचकून उठायचे.

मामा एकटाच लोंढ्याला चौकशीला गेला आणि परत येऊन म्हणाला, काही पत्ता लागत नाही. पुढं तो नोंदींच्याच खात्यात लागला, तेव्हा आजी त्याला विचारायची, “वहीत नाव आलं काय रं शेवंताचं?” तो म्हणायचा, “न्हाय आई.” “मग जिती हाय,” आजी म्हणायची. “तू न्यायला गेला न्हाईस म्हणून रुसलीया. येईल.” रोज रात्री एक भाकरी जास्त थापायची. पितरांच्या पंधरवड्यात तिच्या नावचा घास काढू द्यायची नाही. माझं लग्न ठरलं त्या वर्षी आजी गेली, तेव्हाही तिनं मामाचा हात धरून विचारलं, नाव आलं काय? मी तिथं होते. मामा म्हणाला, “न्हाय आई.” आजीचे डोळे दाराकडंच होते. त्यानंतर विचारायचं काम आईनं घेतलं. दर पंचमीला, बसमध्ये चढताना, एकदाच. मामा नकाराची मान हलवायचा.

मामाच्या दाखल्याचं काम माझ्याकडं आलं. नवऱ्यानं सवयीनं म्हटलं, बेळगावातच मिळेल ना? मी म्हटलं, श्वास लोंढ्याला सोडलाय. मामाचं वाक्य माझ्या तोंडून असं आल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. खानापूरला तालुक्याच्या कचेरीत गेले. संगणकासमोर एक तरुण मुलगी होती, कन्नड बोलणारी, मराठी मोडकं. अर्जावरचं मामाचं नाव वाचून ती उभी राहिली. “बर्री मॅडम, कूतकोरी,” म्हणत स्वतःची खुर्ची पुढं केली. “अज्जा गेले काय? आम्हाला माहीतच नाही. ह्या वर्षी पण येऊन गेले की, पंचमीच्या अगोदर.” मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, “ते दरवर्षी येणार. एकच जुनं पुस्तक मागणार, एकच पान वाचणार, मिटवून देणार. माझ्या आधीचे सर पण सांगत होते. दाखला झाला, मॅडम, घ्या... ते पुस्तक तुम्हाला पण बघायचं काय?”

खरं सांगते, मला नाही म्हणावंसं वाटलं. पण मी होकाराची मान डोलावली.

लाल कापडात बांधलेली लोंढ्याची वही. पानं आपोआप एका जागी उघडली, इतक्या वेळा उघडलेली. नोंद कन्नडात होती. मी शिक्षिका आहे, शाळेत कन्नडही शिकवलेलं आहे, वाचायला अडलं नाही. नाव: माहीत नाही. स्त्री. वय अंदाजे बावीस-चोवीस. बेवारस. मरणाचं कारण ताप. ठिकाण, रेल्वे ठेसन. खूण: डाव्या हातावर गोंदण, तुळस, खाली ‘गोपाळ’. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात कुणा भल्या कारकुनानं दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या. तीन दिवस बाकावर बसून होती, नावगाव विचारलं तर सांगत नव्हती, फक्त एवढंच म्हणायची... आणि तिचे शब्द त्यानं कन्नड अक्षरांत पण मराठीतच उतरवून ठेवले होते. “माझा भाऊ येणार हाय.”

नाव का सांगितलं नसेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुराळ्याशिवाय ठेसनावर रात्र काढलेली बाई. नाव सांगितलं असतं तर सासरची आणि माहेरची, दोन्हीकडची अब्रू गेली असती. एकटी गाडीत बसून माहेरच्या ठेसनावर, खानापूरला उतरली असती तर तासाभरात सुटली असती. पण तशी यायची नसते ना! म्हणून अंगात ताप घेऊन बसून राहिली.

समासात शिक्का होता, ‘नक्कल दिली’. खाली मामाची सही आणि तारीख. मी हिशोब घातला. त्याच्या नोकरीचं तिसरं वर्ष. माझा जन्मही झाला नव्हता. म्हणजे आजी भाकरी थापत होती तेव्हा त्याला माहीत होतं. आजी मरताना हात धरून विचारत होती तेव्हा माहीत होतं. आई दर पंचमीला विचारत होती तेव्हाही!

लोकांनी मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. परतीच्या बसमध्ये मी मामाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली. बहिणीला तीन दिवस बसवलंस, आणि स्वतःच्या आईला जन्मभर. बिनलग्नाचा राहिलास, धोतर धुऊन छत्री घेऊन दारोदार मुराळी झालास, साऱ्या मुलखाला त्यांची मेलेली माणसं शोधून दिलीस, आणि घरातल्या म्हातारीला एक ‘व्हय’ म्हणायला तुझी जीभ रेटली नाही? मग देसूरचा थांबा मागं गेला, आणि माझ्या मनात आलं, की तो काय सांगणार होता? नाव सापडलं असं म्हणता येत नव्हतं, कारण नाव नव्हतंच. सांगायचं तर शेरा वाचून दाखवावा लागला असता. ते वाक्य स्वतःच्या आईला वाचून दाखवायचं... मी त्याच्या जागी असते तर दाखवलं असतं का? माहीत नाही. राग गेला नाही. पण त्यात रडू मिसळलं.

निघताना मी त्या पानाची नक्कल मागून घेतली होती, ती घरी येऊन आठ दिवस माझ्या कपाटात ठेवली. मी तेच करत होते जे मामानं केलं. आई स्वयंपाकघरातून “काय झालं गं, दाखल्याचं?” विचारायची आणि मी “मिळाला” म्हणायचे. तेही खरंच होतं. नवव्या दिवशी मला माझाच ‘मिळाला’ ऐकून मामाचा ‘न्हाय आई’ ऐकू आला. उठले, आईला बसवलं आणि सगळं वाचून दाखवलं. शेऱ्यासकट.

आई रडली नाही. पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “बांगड्या बघूनच मला कळलं व्हतं, सुमे. आक्काचा हात लई बारीक. तो माप इसरला न्हवता.” मग तिनं विचारलं, “तीन दिवस... काय खाल्लं असंल गं तिनं?”

हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

पितृपंधरवड्यातली नवमी सवाष्ण गेलेल्या बायकांची. त्या दिवशी आईनं आयुष्यात पहिल्यांदा शेवंतामावशीच्या नावानं पान वाढलं. पुरणपोळी केली, कटाची आमटी केली, आणि आजीची आठवण म्हणून पानात एक भाकरीही ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटेच साडी नेसून बसली. “मला लोंढ्याला न्हे.” गाडी साडेआठची होती, ही साडेसहाला दारात. हातात मामाची छत्री. मी चपला घातल्या. चहासुद्धा घेतला नाही.

फलाटावर तो बाक कोणता, हे तिथल्या चहावाल्यानं दाखवलं. म्हणाला, आजोबा दरवर्षी इथंच बसायचे, सकाळपासून शेवटच्या गाडीपर्यंत, दुसऱ्या बाकावर बसा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. आई त्या बाकाच्या एका कडेला बसली, मधे जागा सोडून. खण, नारळ आणि बांगड्या मधल्या जागेत ठेवल्या. गाडी आली, गेली. एक कुत्रं येऊन हुंगून गेलं. आई तशीच. मला वाटलं आता ही काही मंत्र-बिंत्र म्हणेल, पण ती एखाद्या घरातल्या माणसाला उठवावं तशी म्हणाली, “चल गं आक्का. मी आलीया न्यायला. अण्णा, तूबी ऊठ, पुरं झालं आता.” आणि खरंच उठली. मागं वळून दोघं येताहेत का बघावं तशी थोडी थांबली, आणि चालायला लागली.

आईला तिथून गावी जायचं होतं, म्हणून तिकिटाच्या खिडकीशी मी पर्स उघडली आणि खानापूरची दोन म्हणाले. आईनं माझा दंड धरला.

“चार काढ,” म्हणाली.

मी चार काढली. मामाचा दाखला, मावशीची नक्कल आणि ती चार तिकिटं मी आता एकाच फाईलमध्ये लावून ठेवलीत. छत्री आईच्या खोलीच्या दारामागं आहे. गाडीत आमच्या समोरच्या दोन जागांवर कुणी बसायला आलं की आई सांगत होती, “हितं माणसं हाईत.” खानापूर येईपर्यंत सांगत होती.